फिरतीवरचे कॅमेरा युनिट: कामाच्या पहिल्या फोनपासून बिल वसूल होईपर्यंत

मुंबई-पुण्यात राहून वृत्तवाहिन्या, माहितीपट, रिॲलिटी शो आणि परदेशी निर्मितीसंस्था यांच्यासाठी स्वतंत्रपणे काम करणारे कॅमेरामन, ध्वनिमुद्रक आणि अटेंडंट (कॅमेरा व सामान सांभाळणारे मदतनीस) वर्षातले बरेच दिवस घराबाहेर काढतात. या कामाची शिफ्ट ठरवताना कॅमेरा सुरू असतो तेवढेच तास सहसा डोळ्यांसमोर असतात. पेट्या भरणे, विमानतळावर वजन करून घेणे, घाटातून सहा-सात तास गाडीत बसणे, लॉजवर पोहोचल्यावर मेमरी कार्डांवरचे फुटेज डिस्कवर उतरवणे आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावणे यांचा हिशेब कोणीच ठेवत नाही. हे सर्व काम आहे, आणि त्याला वेळ, माणूस व मोबदला ठरवून दिला नाही तर त्याची वसुली झोपेतून होते. झोप कमी झाली की कधी फुटेज जाते, कधी उपकरण आणि कधी माणूसही. पुढील सर्व सूचना हीच गोष्ट समोर ठेवून, कामाच्या क्रमाने लिहिल्या आहेत.

होकार देण्यापूर्वी

लाइन प्रोड्यूसरचा, म्हणजे निर्मितीचा खर्च आणि व्यवस्था पाहणाऱ्याचा, फोन आला की तारखा आणि दर यांवर बोलणे संपते. त्याच फोनवर आणखी काही प्रश्न विचारावेत. शिफ्ट किती तासांची आहे आणि ती कोठून मोजली जाणार, घरातून निघाल्यापासून की लोकेशनवर पोहोचल्यापासून? निव्वळ प्रवासाच्या दिवसाचे किती पैसे मिळतील? जेवणाचा भत्ता रोख मिळेल की बिले जोडावी लागतील? उपकरणे तुमची असतील तर त्यांचे भाडे वेगळे धरले आहे का, आणि त्यांचा विमा कोणाच्या नावे आहे? रात्री डेटा कोण उतरवणार? काम आदल्या दिवशी रद्द झाले तर काय मिळेल? बिल कोणत्या कंपनीच्या नावे काढायचे आणि पैसे किती दिवसांत येतील?

यांपैकी शिफ्ट कोठून मोजायची हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मुंबईहून पहाटे चारला निघून साताऱ्याजवळ दहाला पोहोचायचे, दहा ते रात्री दहा बारा तासांची शिफ्ट करायची आणि मग मुक्कामासाठी आणखी दोन तास प्रवास करायचा, हा दिवस कागदावर बारा तासांचा दिसतो आणि प्रत्यक्षात वीस तासांचा असतो. प्रवासाच्या दिवसाला अर्धा दर देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. दोन-तीन तासांच्या प्रवासाला ती मान्य करायला हरकत नाही, मात्र दिवसाचा मोठा भाग त्यात जात असेल तर पूर्ण दर मागावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या दिवशी तुम्ही दुसरे कोणतेही काम घेऊ शकत नाही.

ठरलेल्या गोष्टी ईमेलने लिहून पाठवाव्यात. त्यासाठी मोठ्या कराराची आवश्यकता नसते. "आपल्या बोलण्यानुसार शिफ्ट बारा तासांची असून ती हॉटेल सोडल्यापासून हॉटेलवर परत येईपर्यंत मोजली जाईल, दोन शिफ्टमध्ये किमान दहा तासांची विश्रांती असेल, आणि १ व ६ तारखेच्या प्रवासाचे दर पुढीलप्रमाणे असतील" एवढा मजकूर पुरेसा आहे. समोरून "ठीक आहे" असे उत्तर आल्यावरच तारखा पक्क्या धराव्यात. पुढे वाद झालाच तर हा ईमेल हाच तुमचा आधार असतो.

अटेंडंट आणि लाइटमन यांच्या वतीनेही हेच बोलणे करावे. कॅमेरामनला हॉटेलमध्ये स्वतंत्र खोली आणि अटेंडंटला गाडीत झोप, अशी व्यवस्था आजही केली जाते, आणि दुसऱ्या दिवशी लेन्स बदलणारा हात तोच असतो.

महिला सहकारी युनिटमध्ये असतील तर स्वतंत्र खोली, लोकेशनजवळ वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि रात्रीच्या प्रवासात युनिटच्याच गाडीत जागा, या तीन गोष्टी निघण्यापूर्वी निश्चित कराव्यात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा हंगामी आणि कंत्राटी कामगारांनाही लागू होतो, आणि कामानिमित्त गेलेले कोणतेही ठिकाण तसेच मालकाने पुरवलेले वाहन यांनाही तो कामाची जागा मानतो. म्हणजे आउटडोअरचे हॉटेल आणि लोकेशनची गाडी या दोन्ही जागा त्याच्या कक्षेत येतात.

परवानग्या: कागद निर्मात्याचा, जबाबदारी कॅमेऱ्याची

परवानगी काढणे हे निर्मितीविभागाचे काम आहे, परंतु पोलीस किंवा वनरक्षक येतो तेव्हा तो कॅमेरा हाती असलेल्या माणसाला अडवतो. म्हणून प्रत्येक परवानगीची छापील प्रत आणि मोबाइलमधील प्रत कॅमेरामनजवळ असलीच पाहिजे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील किल्ले व लेणी येथे चित्रीकरणासाठी आधी अर्ज आणि शुल्क भरावे लागते. पर्यटकाला मोबाइलवर फोटो काढता येतो म्हणून ट्रायपॉड लावता येतो असे नाही. रेल्वेच्या हद्दीसाठी त्या विभागीय रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडून परवानगी मिळवावी लागते, आणि मुंबईत मध्य व पश्चिम या दोन रेल्वे वेगळ्या असल्याने दादर स्थानकाच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे यावर कोणाचा कागद लागेल हे ठरते. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर येथे जाताना भारतीय नागरिकालाही इनर लाइन परमिट, म्हणजे त्या राज्यात शिरण्याचा परवाना, लागते. ते प्रत्येक व्यक्तीच्या नावे असते, त्यामुळे आयत्या वेळी अटेंडंट बदलला तर नव्या माणसाचे परमिट नव्याने काढावे लागते.

ड्रोनसंबंधी २०२१ चे नियम लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन नॅनो वर्गात मोडते. त्याहून जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असावे लागते. उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन नकाशावर त्या जागेचा रंग पाहावा: हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येते, लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. नकाशा हिरवा दिसला तरी स्थानिक पोलीस ठाण्याला आधी कळवलेले बरे.

परदेशी युनिटसोबत काम करत असाल तर त्यांना निघण्यापूर्वीच बजावून सांगावे की भारतात सरकारी परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचा उपग्रह फोन बाळगता येत नाही. इतर देशांत तो सुरक्षिततेचे साधन म्हणून सर्रास बाळगला जातो आणि येथे त्याच कारणाने लोकांना विमानतळावर ताब्यात घेतले गेले आहे.

तुमचाच कॅमेरा घेऊन परदेशी जायचे असेल तर दोन मार्ग आहेत. सामान थोडे असेल तर जाताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून कॅमेरा, लेन्स यांचे अनुक्रमांक लिहिलेले निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना त्यावर शुल्क मागितले जात नाही. सामान जास्त असेल आणि तो देश व्यावसायिक उपकरणांसाठी एटीए कार्नेट, म्हणजे उपकरणे शुल्क न भरता तात्पुरती नेऊन परत आणण्याचा सीमाशुल्काचा दस्तऐवज, मान्य करत असेल तर ते काढावे. भारतात ते फिक्की ही उद्योजकांची संस्था देते आणि ते एक वर्षापर्यंत चालते. भारत सोडताना, तेथे उतरताना, तेथून निघताना आणि भारतात परतताना असे चार वेळा त्यावर शिक्के पडावे लागतात. पहाटेच्या विमानाच्या घाईत यांपैकी एक शिक्का राहिला तर काही महिन्यांनी शुल्काची मागणी येऊ शकते, त्यामुळे सीमाशुल्काच्या खिडकीसाठी वेगळा वेळ राखून विमानतळावर पोहोचावे.

सामान बांधताना

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर सर्वसाधारणपणे १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातले सामान नेता येते. ट्रायपॉड, लाइट, स्टँड आणि केबल यांचा भार पाहता तिघांच्या युनिटला हे पुरत नाही. जादा वजन काउंटरवर घेण्यापेक्षा आधी ऑनलाइन घेतले तर स्वस्त पडते, म्हणून घरीच वजनकाट्यावर प्रत्येक पेटी तोलून आकडे निर्मितीविभागाला कळवावेत. कॅमेरा, लेन्स, कार्डे, हार्ड डिस्क आणि रेडिओ माइक हातातल्या पिशवीत ठेवावेत. ट्रायपॉड आणि लाइट पेटीत टाकावेत. बाकीचे सामान दुसऱ्या दिवशी पोहोचले तरी निदान मुलाखत घेता येईल, अशी हातातल्या पिशवीची रचना असावी.

बॅटऱ्यांचा नियम मात्र पाठच असला पाहिजे. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजली जाते, आणि हा आकडा व्होल्टला अँपिअर-अवरने गुणले की मिळतो. १४.८ व्होल्ट आणि ६.६ अँपिअर-अवरची व्ही-माउंट बॅटरी ९८ वॉट-अवरच्या आत बसते, म्हणून ती १०० च्या मर्यादेखाली येते. १०० ते १६० मधील बॅटरीसाठी विमान कंपनीची संमती लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या प्रत्येकी दोनच नेता येतात. १६० च्या वरची प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणून फिरतीसाठी बॅटऱ्या विकत किंवा भाड्याने घेताना एक मोठी घेण्यापेक्षा ९८ वॉट-अवरच्या जास्त घ्याव्यात, त्या सर्व सदस्यांत वाटून द्याव्यात, प्रत्येकीच्या टोकांवर टेप लावावी आणि वॉट-अवरचा छापील आकडा वाचता येईल असा ठेवावा. आकडा पुसलेली बॅटरी सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाते आणि तेथे वाद घालून उपयोग नसतो.

उपकरणांच्या विमा पॉलिसीतील अपवाद वाचूनच निघावे. कोणी नसलेल्या गाडीतून झालेली चोरी अनेक पॉलिसींत वगळलेली असते किंवा तिला कडक अटी असतात. जेवायला उतरताना एका माणसाने गाडीपाशी थांबायचे, हा नियम त्यामुळे पाळावाच लागतो. स्वतंत्र कामगाराच्या जिवाचा विमा सहसा कोणीच काढत नाही, म्हणून स्वतःची वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. ज्या सहकाऱ्याला तेवढेही परवडत नाही त्याला निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँकेमार्फत नाव नोंदवायला सांगावे. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. ही रक्कम अपुरी आहे, हे त्या घरी गेल्यावर कोणालाही कळेल, तरीही काहीच नसण्यापेक्षा ती हवी.

गाडी आणि झोप

फिरतीवरील सर्वांत मोठा धोका दंगल, पूर किंवा कड्यावरचा कॅमेरा हा नसतो. लांबलेल्या शिफ्टनंतरचा रात्रीचा रस्ता हा असतो. १९९७ मध्ये हॉलिवूडमधील सहायक कॅमेरामन ब्रेंट हर्शमन १९ तासांचा दिवस संपवून घरी निघाला आणि गाडी चालवताना झोप लागून अपघातात मरण पावला. त्यानंतर ज्येष्ठ सिनेमॅटोग्राफर हॅस्केल वेक्सलर यांनी बारा तास काम आणि बारा तास विश्रांती यांसाठी अनेक वर्षे आवाज उठवला. आपल्याकडे गाडी बहुधा ड्रायव्हर चालवतो, त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे वाटते. परंतु युनिट पहाटे चारला निघाले तेव्हा तोही उठलेला होता, दिवसभर सामान हलवायला आणि जेवण आणायला तोच गेला, आणि पॅक-अपनंतर सर्व जण मागे झोपतात तेव्हा जागे राहायचे ते त्यानेच. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातलेली होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. शूटिंगच्या गाड्यांवर ती मर्यादा क्वचितच पाळली गेली, मात्र निर्मात्याशी बोलताना तिचा उल्लेख जरूर करावा.

प्रत्यक्षात पुढील गोष्टी करता येतात. लांबच्या कामाला दोन ड्रायव्हर मागावेत. रात्री दहानंतर घाट उतरायचा नाही, हे निघण्यापूर्वीच सर्वांदेखत ठरवावे, कारण पॅक-अपच्या वेळी दमलेली माणसे घरी जायच्या ओढीने कशालाही हो म्हणतात. दुपारी दोन तास ड्रायव्हरला सावलीत झोपू द्यावे आणि त्या वेळेत त्याला कोणतेही काम सांगू नये. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने जागे राहायचे. आणि शिफ्ट लांबली तर मुक्काम वाढवायचा. लॉजच्या एका रात्रीचा खर्च निर्मात्याला परवडतोच.

लेहसारख्या ठिकाणी हीच गोष्ट वेगळ्या रूपाने येते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि विमानाने थेट पोहोचल्यावर पहिले दोन दिवस शरीराला विश्रांती लागते. हे दोन दिवस वेळापत्रकात कामाचे दिवस म्हणून लिहून त्यांचे पैसे मागावेत. अन्यथा त्यांतला एक दिवस पहिल्याच संध्याकाळी शांती स्तूपावरच्या सूर्यास्तासाठी खर्ची पडतो. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, त्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवाव्यात. महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड तेथे चालत नाही, म्हणून युनिटमधील निदान दोघांकडे पोस्टपेड असावे.

लोकेशनवर: वारीचे उदाहरण

फिरतीच्या साऱ्या अडचणी एकत्र पाहायच्या असतील तर आषाढी वारीचे काम घ्यावे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरपूरला पोहोचते. पालखी मार्गावर असते तेव्हा वाहतूक वळवलेली असते, त्यामुळे युनिटची गाडी तुमच्या मागे येऊ शकत नाही. तिने पहाटेच आडवाटेने पुढच्या मुक्कामी जायचे आणि तुम्ही चालायचे. म्हणून दिवसभराचे सर्व सामान पाठीवर मावले पाहिजे: एक कॅमेरा, एक झूम आणि एक वेगवान (कमी उजेडात चालणारी) प्राइम लेन्स, चार बॅटऱ्या, कार्डे, दोन रेडिओ माइक, पावसाचे कव्हर, आणि ट्रायपॉडऐवजी मोनोपॉड. मुक्कामाच्या गावी गर्दीमुळे मोबाइलचे नेटवर्क कोलमडते, त्यामुळे चुकामूक झाल्यास कोठे आणि किती वाजता भेटायचे हे सकाळीच ठरवावे. गावातले मारुतीचे देऊळ किंवा एसटी स्टँड अशी कोणालाही विचारता येईल अशी जागा निवडावी.

चार्जिंगची सोय लोकेशनवर होईल अशी आशा धरू नये. फलटण किंवा नातेपुते येथे काही आठवडे आधी खोली घेऊन ठेवावी आणि बॅटऱ्यांचे दोन संच करावेत, एक खांद्यावर आणि एक खोलीत चार्जरवर, म्हणजे अटेंडंटला रात्रभर जागून बॅटऱ्या बदलाव्या लागत नाहीत. गावातील प्लगला अर्थिंग आहे का हे टेस्टरने पाहूनच महागडा चार्जर लावावा. वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले तर दिव्यांची फडफड सहसा येत नाही, परंतु मंडपातील दिवे जनरेटरवर असतात तेव्हा ही वारंवारता थोडी हलते. अशा वेळी मॉनिटर पाहत शटर बारीक बारीक बदलून पट्टे जातात ती जागा शोधावी.

पावसाळ्यात थेट पाण्यापेक्षा दमट हवा अधिक नुकसान करते. एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर आणि आतल्या काचांवर बाष्प धरते. पिशवी बंदच ठेवून ती अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू द्यावी, किंवा खोलीतला एसी रात्री बंद ठेवावा. सिलिका जेलची पाकिटे प्रत्येक पिशवीत हवीत आणि ती गुलाबी झाली की बदलावीत.

माणसांशी वागण्याचे नियम कोणी लिहून देत नाही, म्हणून येथे लिहितो. दिंडीत शिरण्यापूर्वी दिंडीप्रमुखांना भेटून किती दिवस आणि काय चित्रित करणार ते सांगावे. रिंगणाच्या वेळी चोपदार जेथे उभे करतील तेथेच उभे राहावे. घोडा धावत असताना चांगल्या फ्रेमसाठी आत सरकणे वारकऱ्यांच्या आणि तुमच्याही जिवावर बेतू शकते. नदीवर आंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांकडे कॅमेरा वळवू नये, मग ते दृश्य संपादकाला कितीही हवे असो. ध्वनिमुद्रकाला प्रत्येक मुक्कामी मिनिटभर नुसता परिसराचा आवाज घेऊ द्यावा आणि तेवढा वेळ सर्वांनी गप्प बसावे. संपादनाच्या वेळी सर्वाधिक आठवण याच मिनिटाची येते.

रात्रीचे काम

रात्री डेटा उतरवायला किती वेळ लागतो याचा हिशेब निर्मात्याला आकड्यांत दाखवावा, म्हणजे "तेवढे रात्री करून टाका" ही भाषा बंद होते. २५० मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने ४के चित्रीकरण केले तर तासाला सुमारे ११२ जीबी डेटा होतो. दिवसात चार तासांचे फुटेज झाले तर ४५० जीबी. साधी हार्ड डिस्क १२० मेगाबाइट प्रतिसेकंदाने लिहीत असेल तर उतरवायला तासाहून थोडे अधिक, आणि प्रत तंतोतंत झाली आहे का हे चेकसमने (मूळ फाइल आणि प्रत यांचे गणिती आकडे जुळवून) पडताळायला जवळपास तेवढेच. बारा तासांच्या शिफ्टनंतर हे दोन-अडीच तास कॅमेरामन किंवा अटेंडंट जागा राहतो. एसएसडी वापरली तर हा वेळ बराच खाली येतो. तिचा जादा खर्च निर्मात्याने करावा किंवा डेटासाठी वेगळा माणूस द्यावा, हे पर्याय पहिल्या फोनवरच मांडायचे असतात. यांतले काहीच होत नसेल तर दुपारच्या जेवणात सकाळची कार्डे उतरवून रात्रीचे काम निम्मे करावे.

भरलेल्या कार्डावर लगेच लाल टेप लावावी आणि ते वेगळ्या डबीत टाकावे. नुसते कॉपी-पेस्ट करू नये; पडताळणी करणारे सॉफ्टवेअर वापरून एकाच वेळी दोन डिस्कवर प्रती कराव्यात. दोन्ही प्रती पडताळून प्रत्येक कार्डावरची निदान पहिली आणि शेवटची क्लिप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये, आणि ते कॅमेऱ्यातच, सकाळी, ताज्या डोक्याने करावे. रात्री एक वाजता फॉरमॅटचे बटण दाबू नये. दोन्ही डिस्क एकाच पिशवीत किंवा एकाच गाडीत प्रवास करणार नाहीत, याची जबाबदारी नाव घेऊन एका माणसाकडे सोपवावी.

परतल्यावर

घरी आल्यावर सामानाच्या यादीवरून प्रत्येक वस्तू तपासावी, लेन्स कोरड्या कापडाने पुसून हवेशीर जागी ठेवाव्यात आणि ओल्या पिशव्या उन्हात वाळवाव्यात, कारण ओल्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. डिस्क कार्यालयात दिल्यावर तारीख आणि डिस्कचा क्रमांक लिहिलेली पोच घ्यावी. तुमच्याकडची प्रत "पुसली तरी चालेल" असा लेखी निरोप येईपर्यंत पुसू नये.

बिल त्याच आठवड्यात पाठवावे. त्यात चित्रीकरणाचे दिवस, प्रवासाचे दिवस, जादा तास, उपकरणांचे भाडे आणि भत्ता या वेगवेगळ्या ओळी असाव्यात; सर्वांची एकच रक्कम लिहिली की काटछाट करणे सोपे जाते. व्यावसायिक सेवेच्या रकमेतून सर्वसाधारणपणे १० टक्के कर कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा झाला आहे का हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला पाहावे, कारण कापलेला कर भरलाच नाही असेही घडते. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की महाराष्ट्रातील सेवा व्यावसायिकाला जीएसटी नोंदणी करावी लागते.

पैसे थकणे हा या व्यवसायातला जुना रोग आहे, आणि त्यावरचा एक उपाय फार थोड्या कॅमेरामननी वापरलेला दिसतो. सरकारच्या उद्यम संकेतस्थळावर सूक्ष्म उद्योग म्हणून विनाशुल्क नोंदणी करता येते. ती काम सुरू होण्यापूर्वीच झालेली असावी आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, आणि करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची असते. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. मुदत उलटताच आधी या तरतुदीचा उल्लेख असलेले साधे, सौम्य स्मरणपत्र लेखाविभागाला पाठवावे. बरीच बिले तेवढ्यावरच निघतात. न निघाल्यास लहान उद्योगांच्या थकीत बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आणि त्या तक्रारीला पहिल्या फोननंतरचा तो ईमेल, हॉटेलच्या येण्या-जाण्याच्या नोंदी आणि डिस्कची पोच जोडावी.